कोमट राखेतली मानमोडी

वहिनी, यंदा आपल्याकडे गुढी उभारली नाही. दादा म्हणाला, वर्षाच्या आत सण नको. मीही श्रीखंड आणलं नाही. पण पाडवा होऊन चार दिवस गेले आणि डोंगराकडं धूर दिसायला लागला, तसं मला घरात बसवेना. भाटघरच्या अंगाला धुराची एक रेघ, वरंध्याच्या बाजूला दुसरी. लोकांनी राब भाजायला घेतले होते. तुम्ही सांगितलेली वेळ ती हीच.

महिला मंडळाच्या अंकासाठी मी तुमच्यावर चार बरे शब्द लिहून दिलेत. त्यात तुमचा जन्म, शिक्षण, हळदीकुंकवाची व्यवस्था, हसतमुख स्वभाव, सगळं आहे. ते वाचून तुम्ही मला पुरतं सोललं असतंत. हे त्यातलं नाही. हे अंकात द्यायचं नाही आणि दादाच्या हातीही पडू द्यायचं नाही.

तुम्ही लग्न होऊन बार्शीकडून भोरात आलात, तेव्हा पहिल्याच उन्हाळ्यात डोंगराला आग लागली म्हणून सगळ्या घराला गोळा केलं होतंत. आई हसून हसून खाली बसली. मग तुम्हाला सांगितलं, अगं, तो राब आहे. नाचणी-भाताचं रोप जिथं टाकायचं त्या तुकड्यावर शेण, तोडलेल्या फांद्या, पाचोळा रचायचा, वर माती पसरायची आणि पेटवून द्यायचं. धुमसत राहतं, जमीन भाजून निघते. तुम्ही म्हणालात, "म्हणजे तुमच्याकडं पेरायच्या आधी जमीन जाळतात." तेव्हा मी कॉलेजात होतो. मला ते वाक्य आवडलं होतं आणि थोडी भीतीही वाटली होती, का ते सांगता येत नाही.

पक्षी फार उशिरा आले आपल्या आयुष्यात. कोर्टातून मी नाझर म्हणून निवृत्त झालो, हातात वेळ आला, दुर्बीण घेतली. तुम्ही पहिल्यांदा नुसती चेष्टा केलीत. मग एकदा स्कूटरवर मागं बसलात आणि पुन्हा उतरलाच नाहीत. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, दीर-भावजय उतारवयात पाखरांमागं लागलेत. दादाला चिमणी आणि कावळा एवढेच दोन पक्षी ठाऊक. तो आपल्याला डबा बांधून द्यायचा, हे मात्र खरं. तेवढं त्याच्या पदरात घालायलाच हवं.

आपलं भांडण मानमोडीवरून. खाकी-राखाडी, झाडाच्या सालीच्या रंगाचा एवढासा पाहुणा. थंडीला उत्तरेकडून येतो, तोही कधीमधी, आणि जमिनीवर बसून मुंग्या खातो. त्याला हात लावायला गेलं की मान सापागत पिळतो आणि फुत्कारतो. माझं म्हणणं पुस्तकाला धरून होतं: मार्गशीर्ष ते माघ, सकाळी, कोरडे बांध आणि बोरी-बाभळीचं रान. शिमगा झाला की शोधायची दगदग करू नये, तो गेलेला असतो. तुम्ही ते सगळं ऐकून घ्यायचात. आपण चार हिवाळे बांध तुडवले. पालीच्या खालच्या शेतांत, राजगडाला जाणाऱ्या पोरांच्या गाड्या चुकवत, सकाळच्या सकाळ बसून काढल्या. एकदाही दिसली नाही. तुम्ही म्हणायचात, "भाऊजी, तिनं तुमचं पुस्तक वाचलेलं दिसत नाही."

आणि मग गेल्या साली, पाडव्यानंतर, तुम्ही एकट्याच सकाळच्या एसटीनं हिर्डोशीला गेलात. वरच्या धनगरवाड्यावरून चिमाबाईकडून तूप आणायचं म्हणून. दुपारी परत आलात ते साडीच्या काठाला राख लागलेली. चपला काढायच्या आधी म्हणालात, "भाऊजी, मानमोडी बघितली. राबात."

मी म्हटलं, शक्य नाही. एकतर ती आता हिमालयाच्या वाटेवर असेल. दुसरं, जळक्या रानात तिचं काय काम.

"मुंग्या," तुम्ही म्हणालात. "राब भाजला की कडेच्या मुंग्या अंडी घेऊन बाहेर पळतात. राख कोमट होती, मी हात लावून पाहिला. ती राखेतच बसली होती. अंग पलीकडं, तोंड माझ्याकडं. आणि मग तिनं डोळे मिटले. पण मान फिरायची थांबली नाही, भाऊजी. झोपेत कुणी फिरवावी तशी फिरत राहिली."

तुमचा आवाज इतका शांत होता की मला तो आवडला नाही. मी म्हणालो, चकवा असेल, धुराचा भास असेल, दुसरा कुठलातरी पक्षी असेल. तुम्ही वाद घातला नाहीत. म्हणालात, "पुढच्या वर्षी या माझ्याबरोबर. पाडवा होऊ द्या. पहिला राब भाजला की दुसऱ्या दिवशी, ऊन दगडावर आलं की. त्याच्या आधी नाही आणि नंतर नाही."

त्याच संध्याकाळी तुम्ही दादाला ते बोललात.

मी तिथंच होतो, पेपर वाचत. तुम्ही मेथी निवडत होतात. दादा कशावरून तरी म्हणाला की आपलं बरं चाललंय, म्हातारपण बरं जाईल. तुम्ही मेथीची जुडी खाली ठेवलीत आणि म्हणालात, "एक सांगायचं राहून गेलंय. तुम्ही माणूस वाईट नाही. पण मला तुम्ही कधी आवडला नाहीत. इतकी वर्षं झाली, एकदाही नाही. राग नाही माझा. नुसतं सांगितलं." आणि परत जुडी हातात घेतलीत.

दादा हसला. त्याला वाटलं असेल चेष्टा. मग त्यानं तुमच्याकडं बघितलं आणि त्याचं हसू तोंडावर तसंच राहिलं, काढायचं कुणी विसरल्यासारखं. मी पेपरात डोकं घातलं. त्यानंतर या घरात कुणी त्या वाक्याचा उच्चार केला नाही, आणि ते वाक्य रोज आमच्याबरोबर जेवायला बसत होतं.

मग वास सुरू झाला. तुम्ही दुपारच्या उठून गॅस बघून यायचात. काहीतरी करपतंय म्हणायचात. आम्ही म्हणायचो, वहिनी, राबाचे दिवस आहेत, सगळ्या तालुक्याला जळकट वास येतोय. येतच होता. चैत्र-वैशाखात भोरात जळल्याचा वास कुणाला येत नाही? तुम्हीही मान्य केलंत. दुसऱ्या कुठल्या गावात कुणीतरी लगेच डॉक्टरकडं नेलं असतं. आपल्याकडं ऋतूनं आजाराला पाठीशी घातलं.

आषाढ लागला. डोंगर भिजून काळे झाले होते, धरण फुगत होतं, कपडे वाळत नव्हते. तुम्ही गॅलरीत उभ्या होतात, मी चहा घेऊन आलो. तुम्ही पावसाकडं बघत नाक वर करून वास घेतलात आणि विचारलंत, "अजून राब भाजतायत का हो?"

त्या क्षणी मला पाठीमागं कुणीतरी उभं असल्यासारखं वाटलं. मी वळून बघितलंसुद्धा. दार उघडं होतं, एवढंच.

पुण्याला मेंदूत गाठ निघाली. डॉक्टर तरुण होते, समजावून सांगत होते. नसलेला वास येणं, नसलेलं दिसणं, स्वभाव बदलणं, माणूस कधी न बोललेलं बोलतं, हे सगळं होऊ शकतं. दादानं विचारलं, "उन्हाळ्यापासून असेल?" डॉक्टर म्हणाले, असू शकेल. दादानं त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. लोकांना वाटलं, बायकोच्या काळजीनं. मला माहीत होतं, तो त्या 'असू शकेल'ला धरून उभा होता.

तेव्हापासून त्यानं तीन गोष्टी एका गाठोड्यात बांधल्या: तो वास, ती मानमोडी आणि ते बोलणं. तिन्ही आजाराच्या. वास तर आजाराचाच निघाला, त्यावर वाद नाही. बोलणं तपासायची सोय नव्हती. राहता राहिली मानमोडी. ती नसेल, तर त्या दिवशी धनगरवाड्यावरून परत आलेली बाई तुम्ही नव्हतातच, आणि संध्याकाळी मेथी निवडत बोलली तीही तुम्ही नव्हतात. ती असेल, तर मात्र तुमची नजर त्या दिवशी धड होती. आणि नजर धड असेल तर जीभही.

दवाखान्यात ऑपरेशननंतर तुमची मान वळायची. सिस्टर उशी लावून सरळ करायच्या, डोळे मिटलेले, आणि थोड्या वेळानं मान पुन्हा हळूहळू खिडकीकडं निघालेली. घाई नाही, त्रास नाही. दादा उठून बाहेर जायचा. मी बसून राहायचो, कारण बसून कसं राहायचं हे तुम्हीच मला शिकवलं होतंत, पालीच्या बांधावर, डास चावत असताना. मला विचारायचं होतं की वहिनी, ते खरं होतं का. शुद्ध चांगली असायची तेव्हा दादा जवळ असायचा, तुम्हाला पेज भरवत. तुम्ही शहाण्या मुलीसारखी पेज घ्यायचात आणि चमचा हिंदकळला की त्याचा हात आपल्या हातानं धरायचात. ते बोलणं तुम्ही मागं घेतलं नाहीत. हातही मागं घेतला नाहीत. मी कोर्टात आयुष्य काढलंय, पण असल्या साक्षीचा अर्थ कसा लावतात ते मला येत नाही.

माघात तुम्ही गेलात. दहाव्याला नीरेच्या काठी पिंड ठेवला आणि कावळा ताबडतोब शिवला. भटजींना घड्याळ बघायलाही वेळ मिळाला नाही. लोक म्हणाले, कसली इच्छा मागं राहिली नाही बघा. मला राग आला. तुम्ही आम्हाला थोडं तरी ताटकळत ठेवाल असं वाटलं होतं. तुमची लेक आली होती, ती तेरावं करून गेली. घरात आम्ही दोघं उरलो. दादा रडला नव्हता. माणसं भेटायला यायची, तो त्यांना पाणी द्यायचा, पंखा लावायचा. अर्धी भाकरी खायचा आणि ताट सरकवायचा. तुमच्यासाठी रडायला बसलं की ते वाक्य मधे येऊन बसत असणार.

परवा तो आपण होऊन म्हणाला, "धूर दिसतोय. तू एकदा जाऊन बघून ये. नसणारच काही. पण बघून ये." त्यानं डबा बांधून दिला. एकाचाच.

हिर्डोशीला उतरून मी चढण चढलो. तुम्ही सांगितलेल्या खुणा सगळ्या जागेवर होत्या: फुटकं टाकं, आंब्याचं वाळलेलं खोड, मग वाडा. वाड्यावर चिमाबाई एकटीच होती, बाकी माणसं गुरांमागं गेलेली. तिनं माझ्या मागं वाटेकडं बघितलं.

"तुमी एकलंच? ताई न्हाई आल्या?"

मी सांगितलं. ती हातातला तांब्या घेऊन खाली बसली.

"कदी?"

"माघात."

"आमाला कुणी सांगितलं न्हाई," ती म्हणाली. "म्या तूप काढून ठेवलंय की त्यांच्यापायी." मग तिनं तो तांब्या माझ्यापुढं सरकवला. नंतर म्हणाली, "ते पाखरू बगाया आलाय व्हय?"

"येतं का?"

"येतंय की. कालच भाजलाय राब. येईल आता. ते आलं की म्या तिकडं फिरकत न्हाई. लई वंगाळ मान त्याची."

मी विचारलं, गेल्या साली ताईंना खरंच दिसलं होतं का.

"दिसलं म्हंजी? दोगी बी हितंच दगडावर बसलेलो. म्या म्हणलं दगुड मारू का, तर माजा हातच धरला त्यांनी. बराच येळ सोडला न्हाई." तिनं मनगटाकडं बघितलं. "लई खुशीत व्हत्या त्या दिशी. म्हणल्या, चिमाबाई, आज घरी जाऊन मालकास्नी एक बोलायचं हाय. लई वर्सांचं राहिलंय. म्या म्हणलं, मग बोला की. बोलल्या का हो?"

"बोलल्या," मी म्हणालो.

"बरं झालं. ऱ्हायलं न्हाई मग काई."

साक्ष पुरी झाली होती. मी तिथूनच परत फिरायला हवं होतं. पण साक्षीनंतर स्थळपाहणी करायची खोड जात नाही. राबाच्या कडेला तुमचा दगड होता, त्यावर जाऊन बसलो.

काळा चौकोन, एका कोपऱ्यातून बारीक धूर. खाली दरीत कसलाही आवाज नव्हता. इतकी शांतता मला आवडत नाही, आपलंच रक्त कानात ऐकू येतं. वाकून राखेला तळवा लावला. कोमट होती, आजारी माणसाच्या कपाळाइतकी. कडेनं मुंग्यांची धावपळ चालली होती, प्रत्येकीच्या तोंडात पांढरा दाणा. ऊन सरकत सरकत दगडावर आलं, माझ्या पायांवर आलं. राखेत मधोमध एक जळकं लाकूड पडलं होतं, वीतभर लांबीचं. मी त्याच्याकडं खूप वेळ बघत होतो.

मग त्या लाकडानं माझ्याकडं बघितलं.

अंग पलीकडं, तोंड इकडं. दुर्बीण उचलायचीसुद्धा गरज नव्हती, इतकी जवळ. एकदा जीभ बाहेर काढून मुंगी टिपली. मग डोळे मिटले, आणि मान फिरायला लागली. डावीकडं, खाली, मागं, पुन्हा वर. ती मान मी पाहिलेली होती वहिनी, पांढऱ्या उशीवर, पूर्ण दोन महिने. पळून जावंसं वाटलं आणि हललो नाही. मग माझ्या लक्षात आलं की मी दगडावर एका बाजूला सरकून बसलोय. डाव्या हाताला जागा सोडली होती, एका माणसापुरती. कधी सरकलो ते आठवत नाही. तिथं हात लावून बघायचा धीर मला झाला नाही. मानमोडीनं डोळे उघडले तेव्हा ती माझ्याकडं बघत नव्हती. माझ्या डावीकडं बघत होती.

ती उडाली, तेव्हा राखेवर तिच्या पायांच्या बारीक खुणा होत्या. मी त्या बघून घेतल्या. भास नव्हता. चिमाबाईनं निघताना तुपाचा डबा हातात दिला, नको म्हटलं तरी.

एसटीत बसून मी दादाला काय सांगायचं ते घोळवत होतो. गेल्या साली दिसलेली आणि यंदाची एकच कशावरून, असा वकिली मुद्दा मनात आणून पाहिला. टिकला नाही. तुम्ही धरलेल्या मनगटाकडं चिमाबाईनं बघितलं होतं. तुम्ही त्या दिवशी शुद्धीत होतात, खुशीत होतात आणि काय बोलायचं ते ठरवून डोंगर उतरला होतात. मला तुमचा अभिमान वाटत होता आणि तुमच्यावर चिडलोही होतो. एवढी वर्षं गप्प बसलात, आणखी थोडी बसला असतात तर काय बिघडलं असतं? मग वाटलं, बिघडलं असतं. ज्या दगडावर तुम्हाला बोलायचं सुचलं तिथं मी बसून आलो होतो. तिथं खोटं घेऊन बसता येत नाही.

दादा ओट्यावर वाट बघत होता. डबा त्यानं माझ्या हातातून घेतला, उघडला, मी जेवलो नाही हे बघितलं.

"काय रे?" तो म्हणाला.

उभी हयात मी लोकांना शपथ घेताना पाहिलं. कोण खोटं बोलतंय ते मला पायऱ्यांवरूनच कळायचं. त्यांची नजर सरळ असते, जरा जास्तच सरळ. मी दादाकडं सरळ बघितलं.

"काही नव्हतं दादा तिथं. नुसती राख."

"चिमाबाई?"

"ती म्हणाली, तिनं कधी असलं पाखरू बघितलं नाही."

त्यानं मान हलवली. डब्याचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. "म्हटलं होतं मी," तो म्हणाला. "ती तिचं बोलणं नव्हतंच." आणि मग ओट्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, माझा भाऊ तुमचं नाव घेऊन रडायला लागला. सुमन, सुमन. इतक्या दिवसांचं. शेजारची माणसं बाहेर आली. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभा होतो, आणि तुम्ही त्याला मिळाला होतात, वहिनी, जशा कधीच नव्हतात तशा.

मानमोडी पाडव्यानंतर येते. राब भाजल्याच्या दुसऱ्या दिवशी, ऊन दगडावर आलं की. जागा बरोबर, वेळ बरोबर. तुम्ही बोललात ते सगळंच खरं होतं, आणि आता या घरात ते माझ्याशिवाय कुणालाही ठाऊक नाही.